अहवाल वाचायला शिकवणारी पदवी

जून १९९८ मध्ये इंटेलिजन्स ब्युरोच्या संचालकांच्या सहीनं एक टिपण निघालं. कारगिलच्या समोर, नियंत्रण रेषेपलीकडच्या पाकिस्तानी भागात हालचाली वाढल्या आहेत, अशी माहिती त्यात होती. टिपण पंतप्रधानांना गेलं, गृहमंत्र्यांना गेलं, मंत्रिमंडळ सचिवांना आणि गृहसचिवांना गेलं, लष्करी कारवायांच्या महासंचालकांनाही गेलं. पोचलं नाही ते नेमकं तिघांकडे. परदेशातल्या माहितीची जबाबदारी असलेले ‘रॉ’चे सचिव, सगळ्या यंत्रणांकडची माहिती एकत्र ताडून पाहणाऱ्या संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष आणि लष्करी गुप्तवार्ता महासंचालक. या माहितीचा पाठपुरावा करायचा तर तो याच तिघांनी करायचा होता. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात मेंढपाळांनी डोंगरावर अनोळखी माणसं पाहिली, आणि २६ जुलै १९९९ ला युद्ध संपलं तोवर ५२७ जवान कामी आले होते. टिपण कोणाकोणाला गेलं आणि कोणाला गेलं नाही, हा तपशील काही गुपित नाही. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालच्या कारगिल पुनरावलोकन समितीनं तो नोंदवला, फेब्रुवारी २००० मध्ये अहवाल संसदेपुढे आला आणि त्याच वर्षी तो पुस्तकरूपानं बाजारातही मिळू लागला. त्यातला काही मजकूर सुरक्षेच्या कारणानं गाळलेला आहे. पण जो उरला आहे तो कोणीही विकत घेऊन वाचू शकतो.

राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षा या विषयात एम.ए. करायला निघालेल्या मराठी मुला-मुलींची संख्या वाढते आहे. त्यांच्यासमोर आणि त्यांच्या पालकांसमोर साधा प्रश्न असतो: दोन वर्षं, चार सत्रं खर्ची घालून यातून हाती काय लागणार? माझं उत्तर असं की, आपलं राज्य कुठे आणि का चुकलं याचे अधिकृत दस्तऐवज अथपासून इतिपर्यंत वाचायची सवय लागणार असेल, तर ही पदवी अत्यंत मोलाची आहे. ती सवय लागणार नसेल, तर उरतात त्या चालू घडामोडी आणि त्यांवर शिंपडलेले सिद्धांत. त्यासाठी विद्यापीठात जायची गरज नाही, रोजचं वर्तमानपत्र पुरतं.

हे म्हणताना सिद्धांतांना कमी लेखायचं नाही. आपल्याकडे हा विषय शिकवणाऱ्या विभागांची परंपरा बरीच जुनी आहे. पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग मराठी वाचकांना परिचित आहे. अलाहाबाद, मद्रास, चंडीगड इथेही असे विभाग आहेत. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात २०१८ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा अभ्यासाचं विशेष केंद्र सुरू झालं, आणि गांधीनगरजवळच्या राष्ट्रीय रक्षा विद्यापीठाला २०२० च्या कायद्यानं राष्ट्रीय दर्जा मिळाला. बहुतेक ठिकाणी ढाचा सारखा असतो: कौटिल्य, सन त्झू आणि क्लाउझेविट्झ यांचा विचार, आंतरराष्ट्रीय संबंधांचे सिद्धांत, भूराजकारण, अण्वस्त्रं आणि निःशस्त्रीकरण, संरक्षणाचं अर्थशास्त्र, अंतर्गत सुरक्षा. हा ढाचा चांगला आहे. प्रश्न आहे तो सिद्धांत कशावर पारखून घ्यायचा याचा. रॉबर्टा वोल्स्टेटर या अमेरिकी विदुषीनं १९६२ मध्ये पर्ल हार्बरवर ग्रंथ लिहिला. हल्ल्याच्या खुणा अमेरिकेकडे भरपूर होत्या, पण त्या इतर शेकडो निरर्थक खुणांच्या गोंगाटात बुडून गेल्या होत्या, असं तिनं दाखवलं. परीक्षेत पाच गुणांसाठी हा मुद्दा लिहिता येतोच. पण तोच मुद्दा १९९८ च्या टिपणावर लावून पाहिला की दिसतं, आपला घोटाळा थोडा वेगळा होता. इथे गोंगाटाइतकाच पत्त्यांच्या यादीचाही दोष होता. माहिती होती, ती योग्य टेबलावर पोचली नाही. हा फरक ज्याला दाखवता येतो, त्याला सिद्धांत समजला म्हणायचं.

घटना घडून गेल्यावर सगळेच शहाणे होतात, मग जुने अहवाल उकरून काय मिळणार, असा आक्षेप यावर येतो. तो रास्त आहे, आणि वोल्स्टेटरनं त्याची दखल आधीच घेतली आहे. मागे वळून पाहताना योग्य खूण ठळक दिसते, त्या क्षणी ती तशी दिसत नसते, हाच तिच्या ग्रंथाचा गाभा. म्हणून अहवाल कोणावर तरी खापर फोडण्यासाठी वाचायचे नसतात. त्या दिवशी त्या टेबलावर आणखी कोणते कागद होते, कोणाला काय ठाऊक होतं, कोणाचं काम कोणावर ढकललेलं होतं, हे जुळवण्यासाठी वाचायचे असतात. कारगिल समितीनं आणखी एक गोष्ट सांगितली. स्वातंत्र्याच्या वेळी लॉर्ड इस्मे यांनी आखून दिलेली सुरक्षाव्यवस्थेची चौकट पन्नासएक वर्षांत फारशी बदललीच नव्हती. एका टिपणाची चूक माणसाची असू शकते. पन्नास वर्षं न बदललेली चौकट ही संस्थेची चूक असते. माणसाच्या चुकीकडून संस्थेच्या चुकीकडे नजर वळवणं हे या शिक्षणातलं सगळ्यात अवघड काम आहे. ते मार्गदर्शक पुस्तकातल्या ‘समितीच्या प्रमुख शिफारशी’ पाठ करून होत नाही.

महाराष्ट्राशी या विषयाचं नातं १९६२ पासूनचं आहे. चीननं केलेल्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री झाले, ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. त्यापुढची कमी सांगितली जाते. पराभवाची लष्करी चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली, आणि २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी तिच्या निष्कर्षांबद्दल लोकसभेत निवेदन केलं. चौकशीचे विषय पाच होते: सैन्याचं प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, हुकूम देण्याची रचना, सैनिकांची शारीरिक क्षमता आणि हाताखालच्या माणसांवर प्रभाव टाकण्याची सेनानींची कुवत. ही यादी नीट पाहिली तर लक्षात येतं, की सरकारचं राजकीय धोरण तिच्यात नाही. सीमेवर ठाणी पुढे सरकवण्याचा निर्णय कोणी, कोणत्या माहितीवर घेतला, हा प्रश्न चौकशीच्या कक्षेबाहेर राहिला. मूळ अहवाल सरकारनं आजवर खुला केलेला नाही. त्यातला मजकूर अजूनही लष्करी कारवायांच्या दृष्टीनं उपयोगाचा आहे, असं २०१० मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितलं. २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकारानं त्याचा मोठा भाग स्वतःच जगासमोर ठेवला. म्हणजे भारतीय विद्यार्थ्याला भारताच्या पराभवाचा भारतीय अहवाल एका परदेशी पत्रकाराच्या हातून वाचावा लागतो. चव्हाणांचे खासगी सचिव राहिलेले राम प्रधान यांनी पुढे चव्हाणांच्या संरक्षणमंत्रिपदाच्या काळावर आणि त्यांच्या १९६५ च्या डायरीवर पुस्तकं लिहिली, म्हणून त्या पर्वाची आतली बाजू थोडीफार उपलब्ध झाली. एका सनदी अधिकाऱ्यानं मनावर घेतलं नसतं, तर तेवढंही हाती लागलं नसतं.

लंडनमध्ये हाच विषय शिकणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिती यापेक्षा कितीतरी बरी आहे. ब्रिटननं सरकारी कागद खुले करण्याची मुदत तीस वर्षांवरून वीस वर्षांवर आणली. इराक युद्धाच्या चौकशीचा चिलकॉट अहवाल जुलै २०१६ मध्ये बारा खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात पंतप्रधानांच्या चिठ्ठ्या आहेत, गुप्तवार्ता समितीची टिपणं आहेत. ब्रिटिश सरकार काही फार उदार आहे असं नाही. चौकशीला सात वर्षं लागली आणि काय प्रसिद्ध करायचं यावर बरीच ओढाताण झाली. तरीही आज विशीतला मुलगा ते खंड उघडून, युद्धाचा निर्णय होताना कोणता सल्ला दिला गेला आणि कोणता डावलला गेला, हे पानोपानी तपासू शकतो. आपल्याकडे १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे, त्याखालच्या नियमांत पंचवीस वर्षांची मर्यादा आहे. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयानं युद्धांच्या आणि मोहिमांच्या नोंदी जमवणं, त्यांचा इतिहास लिहिणं आणि पंचवीस वर्षांनंतर त्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवणं यासाठी धोरणही जाहीर केलं. कागदावर सगळं ठीक आहे. कारगिल युद्धाला पंचवीस वर्षं २०२४ मध्ये पूर्ण झाली. त्या धोरणाचा खरा कस इथेच लागणार आहे.

सुरक्षेच्या बाबतीत गुप्तता लागतेच, हे मान्य करून पुढे जायला हवं. आज सीमेवर कुठे किती तुकड्या आहेत, खबरे कोण आहेत, संदेशांची लिपी कोणती, हे कोणत्याही विद्यापीठाला कळायची गरज नाही आणि कोणी शहाणा प्राध्यापक ते मागणारही नाही. पण साठ वर्षांपूर्वीची तुकड्यांची मांडणी आणि आजची मांडणी यांच्यात रस्ते, विमानं, उपग्रह, क्षेपणास्त्रं एवढं सगळं बदललेलं आहे. साठ वर्षांचं कुलूप शत्रूपासून फारसं काही लपवत नाही, ते आपल्याच अभ्यासकांपासून लपवतं. चीनच्या सैन्याला १९६२ मध्ये काय घडलं ते ठाऊक आहे, ते तिथे होतं.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याचं उदाहरण तर आपल्या दारातलं आहे. कराचीहून निघालेल्या दहा जणांनी ‘कुबेर’ ही मासेमारी नौका ताब्यात घेतली आणि पुढे रबरी होडीतून ते कफ परेडजवळच्या मच्छीमार नगर या वस्तीच्या किनाऱ्याला लागले. उतरताना तिथल्या कोळ्यांनी त्यांना हटकलंही होतं. पुढच्या तीन दिवसांत १६६ माणसं गेली. याच सागरी वाटेनं १९९३ च्या सुरुवातीला रायगड किनाऱ्यावर, शेखाडीला, आरडीएक्स उतरलं होतं आणि त्यातून १२ मार्चच्या स्फोटांत २५७ जण मरण पावले होते. दोन घटनांमध्ये पंधरा वर्षांचं अंतर आहे. राज्य सरकारनं हल्ल्यानंतर जी चौकशी समिती नेमली, तिचे अध्यक्ष वर उल्लेख आलेले राम प्रधानच होते, सदस्य व्ही. बालचंद्रन. सूचना येत होत्या, पण त्यांची छाननी करून कामाला लावणारी यंत्रणा नव्हती. ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही. शीघ्र प्रतिसाद पथकाला सरावासाठी दारूगोळा अपुरा होता, असं या समितीनं नोंदवलं. हे निष्कर्ष मुंबई पोलिसांपुरते आहेत, कारण समितीची कक्षाच तेवढी होती. केंद्रीय गुप्तचर यंत्रणा, तटरक्षक दल, नौदल, दिल्लीहून कमांडो पोचायला लागलेला वेळ, या सगळ्याला एका सूत्रात धरणारी राष्ट्रीय चौकशी भारतात झाली नाही. अमेरिकेत ११ सप्टेंबरच्या हल्ल्यावर तशी झाली आणि २००४ मध्ये तिचा अहवाल पुस्तकांच्या दुकानांत विकला गेला. मुंबईतल्या, रायगडातल्या विद्यार्थ्यानं या विषयात प्रबंधिका लिहायची ठरवली, तर शेखाडी ते मच्छीमार नगर हा पंधरा वर्षांचा पट त्याच्यासमोर उघडा आहे. सीमाशुल्क, सागरी पोलीस, मत्स्यव्यवसाय विभाग, ग्रामपंचायत, कोळी सोसायट्या यांच्यात माहिती कशी फिरते, हे प्रत्यक्ष किनाऱ्यावर जाऊन विचारता येतं. वॉशिंग्टनच्या चीन धोरणावर दहा पुस्तकांतून अकरावं टिपण काढण्यापेक्षा हे काम अस्सल ठरेल.

गणवेश न घातलेल्या माणसाला यातलं काय कळतं, हा प्रश्न आपल्या समाजात वारंवार येतो, आणि तो सैनिकांपेक्षा नागरिकच जास्त विचारतात. के. सुब्रह्मण्यम भारतीय प्रशासन सेवेतले होते; बंदूक हाती न धरता त्यांनी भारताच्या अण्वस्त्रविषयक विचाराला वळण दिलं. ज्या संस्थेचे ते दीर्घकाळ संचालक होते, ती दिल्लीतली संरक्षण अभ्यास संस्था नोव्हेंबर १९६५ मध्ये स्थापन झाली तेव्हा चव्हाण संरक्षणमंत्री होते. आता ती गोव्याच्या मनोहर पर्रीकरांच्या नावानं ओळखली जाते. उलट बाजूनं पाहिलं तर लष्करालाही विद्यापीठाची गरज वाटतेच. वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजमधल्या अधिकाऱ्यांना संरक्षण व सामरिकशास्त्रातली पदव्युत्तर पदवी मिळते ती मद्रास विद्यापीठाची. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षणासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपये होते. एवढा पैसा कशासाठी खर्च होतो, हे संसदेच्या स्थायी समितीच्या अहवालांतून वाचून समजावून सांगू शकणारी नागरी माणसं हवीतच. आयबी आणि रॉ या दोन्ही संस्था संसदेच्या कोणत्याही स्वतंत्र कायद्यानं स्थापन झालेल्या नाहीत. लोकशाहीत याचा अर्थ काय होतो, हा प्रश्न विचारणं लष्करी अधिकाऱ्याचं काम नाही. ते विद्यापीठाचं आणि विधिमंडळाचं काम आहे.

याच्या बरोबर उलटाही एक आक्षेप आहे, आणि मला तो अधिक गंभीर वाटतो. सुरक्षा शिकवायला लागलं की विद्यार्थी प्रत्येक प्रश्नाकडे धोका म्हणूनच पाहू लागतात: स्थलांतर, पाणी, आंदोलन, भाषा, सगळंच. या धोक्यावरचा उतारा त्याच विषयात आहे. बॅरी बुझान, ओल वेव्हर आणि त्यांच्या कोपनहेगनमधल्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच मांडलं, की एखादा प्रश्न सुरक्षेचा म्हणून जाहीर केला की सरकारला असाधारण अधिकार मागता येतात, म्हणून तो कोण जाहीर करतं आणि कोणाला पटवून देतं हे तपासलं पाहिजे. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळानं मंजूर केलेलं महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक समोर ठेवून वर्गात हा सिद्धांत शिकवता येईल. शहरी भागातल्या नक्षली संघटनांना रोखण्यासाठी ते हवं, असं सरकारचं म्हणणं होतं. त्यातल्या व्याख्या सैल आहेत आणि लोकशाही मार्गानं विरोध करणारेही त्यात अडकतील, असं विरोधकांचं. विद्यार्थ्यानं कलमं वाचावीत, हरकती वाचाव्यात, जुन्या कायद्यांशी ताडून पाहावं आणि मग मत बनवावं. ज्याला हे करता येतं, तो कुठेही धोका पाहत सुटणार नाही.

सिद्धांत सगळे पाश्चात्त्य, आपलं काय, अशीही तक्रार असते. १९९२ मध्ये जॉर्ज टॅनहॅम या अमेरिकी विश्लेषकानं, भारतीयांनी सामरिक विचार पद्धतशीरपणे केलेला नाही, असं लिहिलं आणि त्यावर आपल्याकडे खूप चर्चा झाली. त्याच्या तीस वर्षं आधी मुंबई विद्यापीठानं र. पं. कंगले यांची कौटिलीय अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती काढायला सुरुवात केली होती, आणि आज जगभरचे अभ्यासक तिचा आधार घेतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्ग आणि आरमार यांचा राज्याचे आधार म्हणून स्वतंत्र विचार आहे. हे ग्रंथ शिकवायलाच हवेत. पण प्रास्ताविकात नाव घेऊन पुढे जाण्यासाठी नव्हे. कौटिल्य हेरांच्या बातम्या एकमेकांशी ताडून पाहायला सांगतो, आणि तीन वेगवेगळ्या हेरांकडून तीच बातमी आली तर ती ग्राह्य धरतो. ही कसोटी १९९८ च्या टिपणाला लावली, तर कौटिल्याचा अभ्यास आणि कारगिलचा अभ्यास एकाच तासाला होतो.

आणखी एक उणीव भाषेची आहे. आपल्याकडचा विद्यार्थी चीनबद्दल इंग्रजीतून वाचतो, अफगाणिस्तानबद्दल इंग्रजीतून वाचतो, आणि गडचिरोलीबद्दलही. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा चार दशकं नक्षलवादाच्या छायेत होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह तिथेच शस्त्रं खाली ठेवली. पोलिसी कारवाईनं काय साधलं, सी-६० पथकात स्थानिक आदिवासी जवान घेण्याचा काय परिणाम झाला, २००९ मध्ये मेंढा-लेखा या गावाला सामूहिक वनहक्क मिळाल्यानं आसपासच्या गावांचा राज्यसंस्थेशी व्यवहार कसा बदलला, या प्रश्नांची उत्तरं माडिया आणि गोंडी बोलणाऱ्या लोकांकडे आहेत. महाराष्ट्रातल्या अंतर्गत सुरक्षेच्या अभ्यासक्रमाला गोंडीचं एक सत्र जोडलं, तर त्यातून जे संशोधन येईल ते देशात दुसरीकडे कुठेही होणार नाही.

नोकरीचा प्रश्न टाळता येत नाही. सामरिकशास्त्र हे केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या वैकल्पिक विषयांत नाही. २०१३ पासून सामान्य अध्ययनाच्या तिसऱ्या पेपरात अंतर्गत सुरक्षा आली, तेवढाच आधार. प्राध्यापकांच्या जागा थोड्या, संशोधन संस्था बहुतेक दिल्लीत. राष्ट्रीय संरक्षण विद्यापीठ स्थापन करा, अशी शिफारस कारगिल समितीनं केली होती. मे २०१३ मध्ये गुरुग्रामजवळ बिनोला इथे पायाभरणी झाली, पण दशक उलटून गेलं तरी ते उभं राहिलेलं नाही. म्हणून ही पदवी घेतली की ठरावीक नोकरी मिळेल, असं कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. पत्रकारिता, विधिमंडळ संशोधन, बँका आणि जहाज कंपन्यांतली जोखीम-तपासणी, सायबर सुरक्षा, प्रशासन, या सगळ्या क्षेत्रांत अहवाल उकलणारी माणसं लागतात. पण तिथे पदवीच्या नावापेक्षा लिहिलेला प्रबंध पाहिला जातो.

तेव्हा प्रवेश घेण्याआधी विभागात जाऊन तीन प्रश्न विचारा. या अभ्यासक्रमात कारगिल समितीचा आणि प्रधान समितीचा अहवाल पूर्ण वाचायला लावतात का? प्रबंधासाठी कागद किंवा माणसं शोधायला विद्यार्थ्याला बाहेर पाठवतात का? आणि इंग्रजीखेरीज कोणती भाषा शिकायची सोय आहे? तिन्हींची उत्तरं नकारार्थी आली, तर दुसरं विद्यापीठ पाहा. आणि तुम्ही स्वतः अशा विभागात शिकवत असाल, तर येत्या सत्राच्या वाचनयादीत हे दोन अहवाल घाला. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.